‘डोन्ट फील हेझिटेट’ लिहूनही कुणी विचारत का नाही?

वाचकाचं पत्र:

‘नमस्कार. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना काम शिकवणाऱ्या टीमची मी प्रमुख आहे. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, पण ऑफिसचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. सूचनांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी मी आवर्जून लिहायचे, “प्लीज डोन्ट फील हेझिटेट टू आस्क एनी डाउट्स.” मध्यंतरी आमच्या सरांनी “रिप्लाय ऑल” करून, म्हणजे सगळ्या टीमला दिसेल असं, त्यातला “फील” लाल रंगात खोडून पाठवला. तेव्हापासून दोन ओळींचा मेल लिहितानाही माझा हात थांबतो. शोधायला गेले तर कुणी म्हणतं “हेझिटेट टू”, कुणी म्हणतं “हेझिटेट इन”, कुणी म्हणतं हे वाक्यच जुनाट झालंय, “फील फ्री” लिहा. नेमकं बरोबर काय? आणि दुसरं. इतकं लिहूनही मुलं विचारत नाहीत. काम बिघडलं की मग कळतं, त्यांना पहिल्या दिवसापासूनच समजलेलं नव्हतं. माझं वाक्य चुकत होतं म्हणून असं होतंय, की माझंच काही चुकतंय?’

नमस्कार,

वाक्य चुकलं म्हणून मुलं गप्प राहिली, ही शंका आधी मनातून काढून टाका. त्यांच्यातल्या अनेकांना ते चुकलंय हे कळलंही नसेल, आणि ज्यांना कळलं त्यांनाही तुम्हाला काय म्हणायचंय ते समजलंच होतं. तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला व्याकरणाचा आहे, तो लवकर सुटेल. दुसऱ्यापाशी मात्र थोडं थांबावं लागेल.

बरोबर वाक्य आहे ‘प्लीज डोन्ट हेझिटेट टू आस्क.’ मधला ‘फील’ गेला की वाक्य निर्दोष होतं. ‘हेझिटेट’ हे क्रियापद आहे, आणि इंग्रजीत ‘फील’च्या पुढे सहसा मनाची अवस्था सांगणारं विशेषण येतं. फील हॅपी, फील शाय, फील फ्री. त्या जागी क्रियापद बसत नाही.

पण ही चूक तुमच्या हातून निष्काळजीपणाने झालेली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. मराठीत आपण दोन प्रकारे बोलतो, ‘संकोच करू नका’ आणि ‘संकोच वाटून घेऊ नका’. दोन्ही सहज तोंडात येतात आणि दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. दुसऱ्या वाक्यातलं ‘वाटणं’ इंग्रजीत नेताना ‘फील’ येणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात ‘फील फ्री टू आस्क’ हे वाक्य शंभरदा कानावरून गेलेलं असतं, त्याचा ‘फील’ही येऊन चिकटतो. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्या असंख्य माणसांच्या लेखनात ही चूक दिसते आणि तिच्यामागे तर्क आहे. तोच तर्क वापरून ती टाळताही येते. मनातल्या मराठी वाक्यात ‘करणं’ असेल तिथे ‘हेझिटेट’ लिहा, ‘वाटणं’ असेल तिथे ‘हेझिटंट’ लिहा. ‘मला विचारायला संकोच वाटतो’ हे झालं ‘आय फील हेझिटंट टू आस्क’. ‘संकोच करू नका’ हे झालं ‘डोन्ट हेझिटेट’.

मग ‘डोन्ट बी हेझिटंट टू आस्क’ चालेल का? व्याकरणाने चालतं, पण मी ते टाळायला सांगेन. ‘डोन्ट हेझिटेट’ म्हणताना आपण एका कृतीबद्दल बोलतो. ‘डोन्ट बी हेझिटंट’ म्हटलं की बोट माणसाच्या स्वभावाकडे जातं, तू बुजरा आहेस, तसा राहू नकोस, असं काहीतरी. नवख्या माणसाला ते लागू शकतं.

याच घरातली आणखी एक चूक म्हणजे ‘आय वॉज हेझिटेटेड टू आस्क’. ‘मी संकोचले होते’ यातलं ‘होते’ इथे ‘वॉज’ बनून येतं. संकोच आपण स्वतः करतो, तो कुणी आपल्यावर करत नाही, म्हणून या क्रियापदाचा असा कर्मणी प्रयोग होत नाही. ‘आय हेझिटेटेड टू आस्क’ किंवा ‘आय वॉज हेझिटंट टू आस्क’ म्हणा.

आता ‘टू’ की ‘इन’. तुमचा गोंधळ उडाला कारण दोन्ही रूपं खरोखरच वाचायला मिळतात, फक्त वेगवेगळ्या शब्दांपुढे. क्रियापद ‘हेझिटेट’ असेल तर पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद, ‘हेझिटेट टू आस्क’. नाम ‘हेझिटेशन’ असेल तर पुढे ‘इन’ आणि ‘इंग’वालं रूप. शिफारसपत्रात हमखास येणारं वाक्य आठवा, ‘आय हॅव नो हेझिटेशन इन रेकमेंडिंग हर.’ तिथला ‘इन’ पाहून लोक तो क्रियापदालाही लावतात. जुन्या, औपचारिक लेखनात ‘हेझिटेट इन’ अधूनमधून सापडेलही, पण आज तुम्ही ‘टू’च लिहा. निर्णयासारखं नाम पुढे असेल तर ‘हेझिटेट ओव्हर’ किंवा ‘हेझिटेट अबाउट’. आणि एक बारकावा मला फार आवडतो. ‘शी हेझिटेटेड टू आन्सर’ म्हणजे उत्तर द्यायला तिचं मन होत नव्हतं. ‘शी हेझिटेटेड बिफोर आन्सरिंग’ म्हणजे ती क्षणभर थांबली आणि मग तिने उत्तर दिलं. दुसऱ्या वाक्यात उत्तर नक्की मिळालंय, पहिल्यात तशी खात्री नाही.

तुमच्या सरांनी ‘फील’ खोडला, पण वाक्यातला खरा धोका त्यांच्या नजरेतून सुटला. तो आहे ‘डाउट्स’मध्ये. मराठीत ‘शंका’ म्हणजे न समजलेला भागही आणि अविश्वासही. वर्गात ‘काही शंका?’ असं विचारलं की कुणाला राग येत नाही. भारतातल्या इंग्रजीत ‘डाउट’ याच दुहेरी अर्थाने रुळलाय, ‘सर, आय हॅव अ डाउट’ हे आपल्याकडच्या प्रत्येक वर्गात ऐकू येतं, आणि आपापसांत ते बोलण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या कानाला ‘डाउट’ म्हणजे मुख्यतः अविश्वास. परदेशातल्या सहकाऱ्याला तुम्ही ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर प्लॅन’ असं लिहिलंत, तर तो समजेल की त्याची योजना तुम्हाला पटलेली नाही. तुम्हाला फक्त दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या, आणि तिकडे तो बचावाचा मेल लिहायला बसलेला असेल. म्हणून मेलमध्ये ‘क्वेश्चन्स’ लिहा. ‘आस्क’बरोबर तोच शब्द जुळतो. ‘आस्क अ डाउट’ हा जोड मुळात इंग्रजीत बसत नाही.

‘फील फ्री’ की ‘डोन्ट हेझिटेट’, हा प्रश्न बरोबर-चुकीचा नाही, नात्याचा आहे. ‘फील फ्री टू आस्क’ म्हणजे आपलं ‘खुशाल विचारा’. मोकळं, बरोबरीतलं, रोजच्या सहकाऱ्यांशी बोलायचं. ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू काँटॅक्ट मी’ हे जरा अंगरखा घातलेलं वाक्य आहे, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला लिहायच्या पत्रात शोभतं. तुमच्या शिकाऊ मुलांना दोन्ही चालतील, पण पहिलं जास्त जवळचं वाटेल. वरिष्ठांना लिहिताना मात्र दोन्ही टाळा. मोकळीक देणारं वाक्य सहसा ज्याच्या हातात मोकळीक देणं असतं त्याने म्हणायचं असतं. वरिष्ठांना आपण ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतो. इंग्रजीत त्याच्या जागी ‘प्लीज लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग एल्स’ हे पुरेसं आणि नम्र आहे.

‘हेझिटेट’ हा शब्द विचारणाऱ्याच्या तोंडीही येतो, ‘आय हेझिटेट टू आस्क, बट...’. म्हणजे ‘विचारावं की नको कळत नाही, पण...’. अवघड विनंती करताना ते छान काम करतं. दुसऱ्याच्या वेळेची जाणीव आपल्याला आहे हे त्यातून पोचतं. पण प्रत्येक छोट्या प्रश्नाआधी ते लावू नये, आणि मुलांनाही लावू देऊ नका. जो प्रश्न विचारणं त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यासाठी माफी मागायची सवय त्यांना का लावायची?

‘डोन्ट हेझिटेट’ला ‘जुनाट’ म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. वाक्यात खोट नाही. पण हजारो पत्रांच्या शेवटी तेच वाक्य वाचून वाचून ते भिंतीवरच्या ‘कृपया शांतता राखा’ या पाटीसारखं झालंय. नजर त्याच्यावरून सरकते. तुमच्या मुलांनी ते वाचलं असेल, पण ते आपल्याला उद्देशून आहे असं त्यांच्यापैकी कुणाला वाटलं असेल, याची मला खात्री नाही. आणि इथून तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो.

मानसशास्त्रज्ञ डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी 1987 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना एक लेख वाचायला दिला. तो मुद्दाम इतका क्लिष्ट लिहिलेला होता की समजणं कठीणच होतं. काही गटांना सांगितलं की समजायला खरोखरच फार अडचण आली तर प्रयोग घेणाऱ्याच्या खोलीत येऊन विचारू शकता. एकही विद्यार्थी गेला नाही. यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपण स्वतः का गेलो नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, आपली शोभा होईल ही भीती. पण इतर का गेले नाहीत याचा त्यांनी लावलेला अर्थ वेगळा होता. इतरांना आपल्यापेक्षा जास्त समजलं असणार, असं त्यांनी धरलं. सगळेच अडलेले, सगळेच गप्प, आणि प्रत्येकाची समजूत अशी की अडलेला मी एकटाच.

तुमच्या टीममध्ये अगदी हेच चाललेलं असणार. तुम्ही मेल पाठवता, शेवटी ‘संकोच करू नका’ लिहिता, कुणी काही विचारत नाही. मग चौथ्या मुलाला वाटतं की उरलेल्या तिघांना समजलंय. तिघांनाही तसंच वाटतं. तुम्हालाही वाटतं की सगळ्यांना समजलंय, आणि तुम्ही पुढच्या विषयाकडे जाता. ही शांतता म्हणजे समजल्याची खूण आहे असं पुन्हा कधीही धरू नका. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

‘संकोच करू नका’ या वाक्यात दोष असा की ते सगळं ओझं विचारणाऱ्यावर टाकतं. आपला प्रश्न विचारण्याच्या लायकीचा आहे का हे त्याने ठरवायचं. कधी विचारायचा, मेलवर की समोर जाऊन, तेही त्यानेच. तुम्ही कामात आहात की मोकळ्या, याचा अंदाजही त्यानेच घ्यायचा. आणि तुमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक मोठी गोष्ट आहे, जिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तो प्रश्न त्यांना इंग्रजीत मांडावा लागतो.

याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष जातं. न समजलेली गोष्ट शब्दांत पकडणं स्वतःच्या भाषेतही अवघड असतं. ‘ते तिसऱ्या पायरीनंतर जे येतं ना, तिथे ते दोन पर्याय दिसतात, तर त्यातला कुठला...’ असाच अडखळत प्रश्न बाहेर येतो. मराठीत असं अडखळत विचारलं तर काही बिघडत नाही, समोरचा समजून घेतो. हेच इंग्रजीत, लेखी, सगळ्या टीमसमोर करायचं म्हटलं की मूल तो प्रश्न गिळून टाकतं. त्याच्याकडे प्रश्न असतो, तो मांडायची भाषा हाताशी नसते. आणि हे तुम्हाला मी समजावून सांगायला हवं असं नाही. दोन ओळी लिहिताना तुमचा हात जसा थांबतो, तसाच त्यांचाही थांबतो.

इथे सरांच्या त्या लाल खुणेचाही विचार करा. तो मेल फक्त तुम्हाला आलेला नव्हता. ‘प्रश्न विचारा’ असं सांगणाऱ्या आपल्या प्रमुखालाच इंग्रजी चुकलं म्हणून सगळ्यांसमोर खोडलं गेलं, हे त्या मुलांनीही पाहिलं. त्यांचं न विचारणं आधीपासूनचं आहे, ते त्या मेलमुळे सुरू झालेलं नाही. पण त्या दिवसानंतर लेखी प्रश्न विचारायची उरलीसुरली हिंमतही गेली असेल, तर मला नवल वाटणार नाही. तुमच्या मनाला जे लागलं ते क्षुल्लक नव्हतं, आणि त्यातून तुम्ही एकट्या जात नाही आहात.

म्हणून पहिला बदल भाषेचा करा. तुमच्या टीममध्ये सगळ्यांना मराठी येत असेल तर मेलच्या शेवटी स्पष्ट लिहा, मराठीतच, देवनागरीत: ‘प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल, मोडक्यातोडक्या वाक्यात असला तरी चालेल.’ हे एक वाक्य ‘डोन्ट हेझिटेट’च्या कितीतरी पुढे जातं, कारण ते नेमकी अडचण ओळखून ती दूर करतं. टीममध्ये अमराठी माणसं असतील तर त्यांच्या सोयीच्या भाषेचं नाव घ्या. उत्तर तुम्ही नंतर इंग्रजीत नोंदवून ठेवू शकता. प्रश्न मात्र जिथून उगवतो त्याच भाषेत येऊ द्या.

दुसरा बदल, आमंत्रण मोघम ठेवू नका. ‘काही विचारायचं असेल तर विचारा’ यातल्या ‘काही’ने कुणाला धीर येत नाही. त्याऐवजी कुठे अडतं ते तुम्हीच सांगा. शिकवणाऱ्याला साधारण माहीत असतंच. इंग्रजीतच लिहायचं झालं तर: ‘स्टेप थ्री कन्फ्यूजेस अलमोस्ट एव्हरीवन. आय एम फ्री फ्रॉम थ्री टू फोर टुडे. कम अँड आस्क.’ तीन छोटी वाक्यं, एकातही अडखळण्यासारखं काही नाही. पण त्यांनी काय केलं पाहा. तिसरी पायरी बहुतेकांना गोंधळात टाकते असं सांगितल्यामुळे अडणं ही लाजेची गोष्ट उरली नाही. वेळ दिल्यामुळे ‘मॅडम कामात असतील’ हा अंदाज बांधावा लागत नाही. मिलर आणि मॅकफार्लंडच्या विद्यार्थ्यांना ‘खरोखरच फार अडचण आली तर’ असं सांगितलं होतं. अशी अट घातली की आपली अडचण तेवढी मोठी आहे का हे मोजण्यातच माणूस अडकून बसतो.

समोरासमोर शिकवत असाल तर ‘एनी क्वेश्चन्स?’ हे दोन शब्द सोडून द्या. त्याचं सर्वांत सोपं उत्तर ‘नो’ आहे, आणि ते मान हलवूनही देता येतं. ‘यातला कुठला भाग पुन्हा बघूया?’ असं विचारा. मग थांबा. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा त्यांना आढळलं की प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की विद्यार्थ्यांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारेही बोलू लागले आणि विद्यार्थी स्वतःहून प्रश्नही जास्त विचारू लागले. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण बारा माणसांच्या खोलीत गप्प उभं राहून पाहा, ते फार मोठे वाटतात. तरी थांबा. ज्याला मनात मराठीचं इंग्रजी करायचंय त्याला तर त्याहूनही जास्त लागतील.

त्यानंतर सगळं अवलंबून आहे पहिल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता यावर. ‘अरे, हे मेलमध्ये दिलंय की’ एवढं हसत म्हटलंत तरी दार बंद झालं. आणि ते फक्त विचारणाऱ्यासाठी नाही, ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी बंद झालं. मेलमध्ये दिलं असेल तरी उत्तर द्या, आणि मेल पुन्हा वाचून पाहा, दिलेलं दिसत का नाही. अनेकदा ते चौथ्या परिच्छेदाच्या मध्यावर दडलेलं असतं. त्या मुलाचा प्रश्न तुमच्या सूचना सुधारतोय, तेव्हा पुढच्या मेलमध्ये त्याचं नाव न घेता लिहा, ‘काल एक चांगला प्रश्न आला, त्यावरून ही पायरी बदलली आहे.’ विचारल्याने काहीतरी बदलतं हे दिसलं की दुसरा विचारतो.

काही दिवसांनी प्रश्न वाढतील. तेव्हा घाबरू नका, आणि तुमच्या सरांनी ‘इतके प्रश्न का येतायत, नीट शिकवलं नाही का?’ असं विचारलं तर त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट देते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमकडून औषधं देताना कमी चुका होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच आले, चांगल्या टीम्समध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. शोध घेतल्यावर दिसलं की तिथले लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात असाव्यात. यातूनच पुढे 1999 साली त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर, म्हणजे प्रश्न विचारायला किंवा चूक सांगायला भीती न वाटण्यावर, आपला गाजलेला निबंध लिहिला. तुमच्याकडेही तेच होईल. गोंधळ आधीही होता, आता तो वेळेवर कानावर येईल, काम बिघडण्याआधी.

राहता राहिली तुमच्या थांबलेल्या हाताची गोष्ट. सरांशी एकदा बोला. त्या मेललाच उत्तर देऊ नका, पुन्हा सगळ्यांना दाखवायचं काही कारण नाही. त्यांच्याकडे जाऊन, शक्य असेल तर मराठीतच, एवढंच सांगा: ‘सर, चूक दाखवलीत ते बरं झालं, मला ते माहीत नव्हतं. पुढच्या वेळी फक्त मला एकटीला कळवाल का? टीमसमोर आलं की मुलंही लिहायला कचरतात.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या अपमानाची तक्रार म्हणून ते हे बोलणं बाजूला सारू शकतात, पण मुलं विचारत नाहीत म्हणून काम बिघडतंय, हे त्यांनाही ऐकावंच लागेल. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात ते उगीच नाही. हे आत्ता मागितलं नाहीत तर पुढच्या प्रत्येक मेलला तुम्ही ती लाल खूण मनात धरून बसाल.

आणि मेल लिहिणं चालू ठेवा. लहान वाक्यं लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट. अडलं तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, ‘इथे टू येईल की इन?’ मुद्दाम मोठ्याने विचारा, शिकाऊ मुलं बसलेली असताना. त्यांच्या प्रमुखाने असा प्रश्न विचारला आणि शेजारून साधं उत्तर आलं, ‘टू’, आणि दोघी पुन्हा कामाला लागल्या, हे त्यांना रोज दिसू द्या.